तांबट नसलेलं रान : पक्ष्यांसाठी अंदमानात सहा दिवस

दिवस पहिला : सिप्पीघाट

विमानतळाबाहेर सामान गाडीत चढत होतं, तेवढ्यात कुंपणापलीकडच्या गवतातून तित्तराची खणखणीत हाक आली. कात्रज ते सासवड कुठल्याही माळावर थांबलं की ऐकू येते तीच. अंदमानात कानावर पडलेला हा पहिलाच पक्षी, आणि नेमका तो इथला नाही. ब्रिटिशांनी शिकारीसाठी आणून सोडलेल्या तित्तरांची ही प्रजा. समोरच्या तारेवरच्या साळुंक्याही १९व्या शतकात अशाच आलेल्या. इथे पक्षी दिसला की आधी विचारायचं, हा मूळचा की आणलेला? सहाही दिवस हा प्रश्न सोबत राहिला.

आम्ही सहा जण, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, पुणे-चेन्नई-पोर्ट ब्लेअर असा प्रवास. सप्टेंबर २०२४ पासून शहराचं अधिकृत नाव श्री विजयपुरम आहे, पण रिक्षावाले आणि फलक दोन्ही नावं वापरतात. भारतीयांना इथे आणि जवळच्या बेटांवर फिरायला वेगळा परवाना लागत नाही. ओळखपत्राच्या दोन-तीन झेरॉक्स मात्र हाताशी ठेवा, वनखात्याच्या गेटवर आणि जेट्टीवर लागतात.

घड्याळ पुण्याचं आणि सूर्य इथला, ही पहिली अडचण. फेब्रुवारीत सहाच्या आत उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला सूर्य बुडतो. सकाळी आठनंतर निघणाऱ्याच्या हाती फक्त ऊन लागतं. गाडी ठरवताना पहाटे पावणेपाचची वेळ आधीच बोलून घ्या, नाहीतर चालक सवयीने साडेआठला हजर होतो.

जेवण उरकून थेट सिप्पीघाट. शहराच्या नैऋत्येला, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेलं हे उथळ पाणी २००४ सालापर्यंत भातशेत होतं. २६ डिसेंबरच्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन साधारण मीटरभर खाली बसली आणि भरतीचं पाणी शेतांत शिरलं ते कायमचंच. उत्तर अंदमानात याच भूकंपाने किनारा वर उचलला आणि प्रवाळ उघडं पडून मेलं. इथे नारळी-पोफळींचे वठलेले बुंधे अजून पाण्यात उभे आहेत आणि त्यांच्यावर पाणकावळे नाहीत की शेराट्या नाहीत, एक समुद्रगरुड तेवढा बसलेला. पुण्याजवळच्या कवडीपाटाच्या पाणवठ्याच्या सवयीने पहिल्या दहा मिनिटांत वीस-पंचवीस जाती मोजायला गेलो तर आकडा नवावरच अडला.

त्या नवांतला एक मात्र अंदमानी बदक होता. गडद तपकिरी अंग, पांढरा गळा आणि डोळ्याभोवती पांढरं कडं. हे कडं लांबूनही चमकतं, त्यामुळे अडईच्या थव्यात मिसळलेला असला तरी वेगळा काढता येतो. जगात हा बदक मुख्यतः याच बेटांवर आहे. दिवसा तो खारफुटीत किंवा बुंध्यांवर विसावतो आणि अंधार पडताना गोड्या पाण्याकडे, ओल्या शेतांकडे चरायला जातो. म्हणून मोजणीची वेळ भरतीची धरायची. ओहोटीला हे पक्षी खाडीभर पांगतात, भरतीला उरलेल्या चार उंचवट्यांवर गोळा होतात. भरतीचं वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवा. स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण, असेल तर २० पटीवरच ठेवा. उन्हात पाण्यावरची हवा थरथरते आणि मोठ्या पटीवर कडं आणि गाल एकच दिसू लागतं.

त्या संध्याकाळी ३१ मोजले.

रस्त्याच्या भरावावरूनच पाहायचं, पाण्याच्या कडेला उतरायचं नाही. खाडीत खाऱ्या पाण्याच्या मगरी आहेत आणि वनखात्याच्या पाट्या शोभेच्या नाहीत.

बांधापाशी चहाचं दुकान चालवणाऱ्या बंगाली आजोबांना सगळे दादू म्हणतात. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून इथे वसवलेल्या कुटुंबांतले. पाण्याखाली गेलेल्या शेतांत त्यांचीही जमीन होती. त्यांच्या हिशेबात हे नुकसान आहे, पक्षीनिरीक्षकाच्या हिशेबात पाणथळ. दोन्ही हिशेब खरे आहेत. या पाण्याला कागदावर 'पडीक' ठरवून कडेकडेने मुरूम टाकायला कुणाची फारशी हरकत येत नाही, त्याचं मूळ इथेच आहे. बदकाला नवं घर मिळालं ते अपघाताने, आणि त्या घराला संरक्षण मात्र नाही.

दिवस दुसरा : चिडिया टापू

शहरापासून दक्षिणेला साधारण २५ किलोमीटर. साडेपाचला गावाअलीकडच्या शेवटच्या वळणांवर उतरलो आणि पुढचं अंतर चालत गेलो. सल्लाही हाच देईन. गाडीने थेट किनाऱ्यावर जाणारे लोक चांगलं रान मागे टाकून जातात.

उजाडताना रानाचा आवाज ऐकताना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. थोड्या वेळाने उलगडलं : तांबटाचा 'टुक टुक' नाही, कुटुर्ग्याची रट नाही. अंदमानात तांबट कुळातला एकही पक्षी नाही. सातभाईही नाहीत. मुख्य भूमीपासून समुद्र ओलांडून जे इथवर पोहोचले तेवढेच रुजले, आणि सगळ्यांना समुद्र ओलांडता येत नाही. इथल्या पाखरांचं नातं भारतापेक्षा म्यानमारच्या आराकान डोंगरांशी जवळचं, कारण तो किनारा उत्तरेच्या टोकापासून जवळ पडतो. इथे पोहोचलेल्यांनी मग हजारो वर्षं आपापला वेगळा चेहरा घडवला.

हा चेहरा पाहायचा तर ओळखीच्या पक्ष्यांपासून सुरुवात करावी. भारद्वाज काळा असतो, हे पुण्यात शाळकरी पोरालाही ठाऊक. इथला भारद्वाज फिकट बदामी डोक्याचा आणि अंगाचा, पंख तेवढे तांबूस. टकाचोर आपल्यापेक्षा लहान, राखाडी डोक्याचा, पिवळ्या डोळ्यांचा. श्यामाचं पोट नारिंगी नाही, पांढरं. बुलबुल हिरवट आणि टोपीविना. अंदमानी कोतवालांच्या टोळक्याबरोबर टकाचोर सतत हिंडतो. कोतवाल पानं ढवळतात, त्यातून उडालेले किडे दोघं वाटून खातात. कोतवालांचा गलका ऐकू आला की जागच्या जागी थांबा, पाचेक मिनिटांत टकाचोर येतोच. आम्ही त्याच्यामागे धावून दोन वेळा हुकवला, थांबून तिसऱ्यांदा पाहिला.

सर्पगरुड इथे दोन आहेत आणि गोंधळ ठरलेला. फिकट पोटाचा तो तुरेवाला, मुख्यतः किनारा आणि खारफुटी धरून राहतो. गडद चॉकलेटी, पोटावर पांढरे ठिपके, तो अंदमानी, आणि तो आतल्या रानाचा. रस्त्याच्या तारेवर बसलेला दिसला म्हणून घाईने नाव लिहू नका, पोटाचा रंग पाहा.

मुंडा पहाडाकडच्या किनाऱ्यावर त्सुनामीत वठलेली मोठी झाडं बरीच वर्षं उभी होती. आता बरीचशी कोसळली आहेत. उरलेल्या एका बुंध्याच्या ढोलीत लांब शेपटीच्या पोपटांची जोडी ये-जा करत होती, वरच्या फांदीवर पांढऱ्या डोक्याच्या मैना. मेलेलं झाड म्हणजे सरपण, असा हिशेब इथे महाग पडतो. त्यावर पुढे लिहितो.

दुपारी किनाऱ्याजवळच्या खानावळीत भात, सुरमईचा झोल आणि लिंबाएवढ्या तिखट मिरचीची चटणी. शाकाहारी मंडळींना डाळ-भात-आलूभाजा सगळीकडे मिळतं, फक्त पहाटे काहीच उघडं नसतं. आदल्या संध्याकाळी केळी आणि पाव घेऊन ठेवा.

रात्री घुबडांसाठी परत आलो. छोट्या बेटसमूहाच्या मानाने इथे घुबडांची चंगळ आहे : अंदमानी स्कॉप्स, अंदमानी गव्हाणी आणि दोन ससाणा-घुबडं. ससाणा-घुबडांतलं ह्यूमचं घुबड खालून अख्खं गडद चॉकलेटी, अंदमानी त्याहून लहान आणि पोटावर तांबूस रेघा. ॲलन ह्यूम १८७३ साली या बेटांवर मोहीम घेऊन आला होता. इथल्या पक्ष्यांची पहिली मोठी सलग नोंद त्याची. त्यानेच पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. पहिलं अधिवेशन डिसेंबर १८८५ मध्ये आपल्या पुण्यातच भरायचं होतं, पटकीच्या साथीमुळे ते मुंबईला गेलं.

आमचा वाटाड्या जन्माने इथलाच, रांचीहून आलेल्या मजुरांच्या तिसऱ्या पिढीतला. त्याने गाडीतून उतरण्याआधी अट सांगितली : मोबाईलवर आवाज वाजवायचा नाही. फेब्रुवारी-मार्च हा अनेक घुबडांचा घरट्याचा काळ. स्पीकरवरची हाक ऐकून नराला वाटतं की हद्दीत दुसरा शिरला. तो शिकार सोडून झुंजायला येतो, मादी आणि पिल्लं ताटकळतात. एका गटाने एकदा केलं तर फरक पडत नसेल, पण चिडिया टापूच्या त्याच दोन वळणांवर हंगामात रोज कुणी ना कुणी उभं असतं. त्याच्या पद्धतीने दीड तास लागला : ठरावीक जागी दहा मिनिटं गप्प उभं राहायचं, आवाजाची दिशा बोटाने दाखवायची, मग टॉर्च. टॉर्च थेट डोळ्यांत नाही, पक्ष्याच्या खालच्या फांदीवर, आणि मनात दहा आकडे म्हणून बंद. अशा उजेडात ह्यूमचं घुबड बसल्या जागी राहिलं आणि पुढे चार मिनिटं अंधारात हाका देत होतं. फोटो एकालाही धड मिळाला नाही.

दुर्बिणीबद्दल एक गोष्ट. खोलीतल्या एसीत थंड झालेली काच बाहेरच्या दमट हवेत आली की लगेच धुकते, आणि पुसली की परत धुकते. आमच्या दोन दुर्बिणी पहिल्या पहाटे वीस मिनिटं निकामी होत्या. रात्री पिशवी खोलीबाहेरच्या बंद व्हरांड्यात ठेवा किंवा एसी लावूच नका. कॅमेऱ्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि गुलाबी झाल्या की तव्यावर सुकवा.

दिवस तिसरा : माउंट हॅरियट

चॅथमहून बांबूफ्लॅटला जाणारी पहाटेची फेरी पकडली. गाडी बोटीत चढवायच्या रांगेत अर्धा-पाऊण तास जातो. त्यापेक्षा माणसांनी पायी चढावं आणि पलीकडच्या काठावर दुसरी गाडी ठरवून ठेवावी.

फेरीतून मागे वळून पाहिलं की चॅथमची लाकूड गिरणी दिसते. १८८३ साली सुरू झाली. पडौक आणि गर्जनचे ओंडके इथून जगभर गेले. २००२ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नैसर्गिक रानातल्या व्यापारी तोडीला मोठा लगाम बसला, आणि आज ज्या उंच झाडांखाली आम्ही माना वर करून उभे होतो ती वाचण्यात त्याचा वाटा आहे.

डोंगर म्हणजे जुन्या वीस रुपयांच्या नोटेवरच्या दीपगृहाचं दृश्य जिथून दिसतं ती जागा. २०२१ पासून नाव माउंट मणिपूर राष्ट्रीय उद्यान, १८९१ च्या युद्धानंतर इथे ठेवलेल्या मणिपुरी कैद्यांच्या स्मरणार्थ. पायथ्याच्या होपटाउन जेट्टीवर ८ फेब्रुवारी १८७२ रोजी शेर अलीने व्हाइसरॉय मेयोला मारलं, तेही याच डोंगरावरून उतरून आल्यावर. गेट उघडायची वेळ पक्ष्यांच्या वेळेशी जुळत नाही. उजाडतानाचे दोन तास गेटखालच्या रस्त्यावरच घालवले आणि निम्मी कमाई तिथेच झाली.

सव्वासहाला वरून ठोके ऐकू आले. सुतार ठोकतो तसे नाहीत. जड, सुटे, कुणी कुऱ्हाडीच्या पाठीने बुंध्यावर मारतंय असे. अंदमानी काळा सुतार. कावळ्याएवढा काळाकुळीत पक्षी, डोक्यावर लाल तुरा, नराच्या गालावरही लाल पट्टी. मधूनच मोठ्याने किंचाळतो आणि फांदीच्या मागल्या बाजूला सरकतो. एका गर्जनच्या वठलेल्या शेंड्यावर तो सोळा मिनिटं होता. साली उपसून खाली टाकत होता आणि तुकडे आमच्या टोप्यांवर पडत होते.

या पक्ष्याला मोठं, आतून कुजायला लागलेलं झाड लागतं. जिवंत कोवळ्या लाकडात एवढ्या आकाराची ढोली कोरता येत नाही आणि बारीक बुंध्यात ती मावत नाही. तो दरवर्षी नवी ढोली कोरायला जातो, मग जुन्या ढोल्या पोपटांना, मैनांना, छोट्या घुबडांना मिळतात. म्हणजे एक म्हातारं झाड गेलं तर पाच-सहा जातींची घरं जातात. सह्याद्रीत एक दरी उजाड झाली तर पक्षी पलीकडच्या दरीत सरकतो, निदान प्रयत्न तरी करतो. इथे पलीकडे पाणी आहे. 'निरुपयोगी' म्हणून काढली जाणारी वाकडी, पोकळ, शेंडा वठलेली झाडंच या बेटावर सगळ्यात मौल्यवान आहेत, आणि तोडीच्या नोंदवहीत त्यांची किंमत शून्य असते.

काळा पत्थरकडे जाणाऱ्या पायवाटेवर खालचं रान अपेक्षेपेक्षा मोकळं होतं. चालायला बरं, पण कारण बरं नाही. जमिनीवर चितळाच्या लेंड्या. चितळही इथले नव्हेत, ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीसाठी आणले. वाघ नाही, बिबट्या नाही, रानकुत्री नाहीत. वाढत गेले आणि पोहत शेजारच्या बेटांवरही पोहोचले. ते रोपं खातात, त्यामुळे पडलेल्या पडौकच्या जागी नवा पडौक उभा राहत नाही, आणि जमिनीलगतच्या झुडपांत राहणाऱ्या सगळ्यांचं आडोशाचं छप्पर जातं. आज डोक्यावर दिसणारं रान शंभर वर्षांपूर्वीच्या रोपांचं आहे. पायाखालचं पाहिलं की पुढच्या शंभर वर्षांचा अंदाज येतो.

अंदमानी वनकबुतर, इथला राज्यपक्षी, साडेआठला मिळालं. फळांनी लगडलेल्या एका अंजिरवर्गी झाडाखाली चाळीस मिनिटं बसल्यावर. राजकबुतरांची ये-जा चालू होती, त्यांत फिकट डोक्याचं, पाटीच्या रंगाचं एकच. फळाचं झाड सापडलं की हलू नका, ही युक्ती कबुतरांसाठी कुठेही चालते. दिवसाची यादी ३६ जातींची झाली. सिंहगडच्या खोऱ्यात हिवाळ्यातल्या चांगल्या सकाळी याच्या दुप्पट होते. आमच्यातल्या वही सांभाळणाऱ्या काकूंनी त्या रात्री नवा रकाना आखला : 'फक्त इथेच'. त्यात त्या दिवसाच्या १२ नोंदी गेल्या. त्यानंतर एकूण आकडा कुणी विचारलाच नाही.

दिवस चौथा : कालाटांग

ठरलेलं होतं स्वराज द्वीप, म्हणजे हॅवलॉक. वारा वाढला, खासगी बोट रद्द झाली आणि तो निरोप जेट्टीवर पोहोचल्यावर मिळाला. पैसे परत यायला तीन आठवडे लागले. आंतरबेट प्रवासाच्या मागेपुढे एक मोकळा दिवस हवाच, आणि परतीचं विमान बोटीच्या दुसऱ्या दिवशी तरी ठेवा.

बाराटांग बेटाचा पर्याय पुढे आला. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव रानातून जातो. तिथे पक्षी पाहायला थांबता येत नाही, थांबूही नये. ज्यांना आपण नको आहोत त्यांच्या अंगणातून केवळ पोपट पाहायला जाणं आम्हाला पटलं नाही. म्हणून शोल बेच्या दिशेला कालाटांग.

इथली ओली नाली म्हणजे अंदमानी फटाकडीची जागा. कोंबडीच्या पिल्लाहून मोठा, तांबूस-विटकरी पक्षी, पोटावर पांढरे पट्टे, हिरवट चोच. जगात इतरत्र कुठेही नाही. ओढ्याकाठच्या गचपणात चालतो आणि उडायचं शक्यतो टाळतो. पाहण्याची रीत एकच : उजाडायच्या आधी पोहोचायचं, रस्ता ओढ्यावरून जातो तिथल्या मोरीपासून पंधरा पावलांवर बसायचं आणि हलायचं नाही. ६ वाजून १० मिनिटांनी एक बाहेर आली, पानं उलटवत चार मीटर चालली, मोरीत शिरली. एकूण दर्शन अर्ध्या मिनिटाचं.

जमिनीवर राहणाऱ्या, उडायचा कंटाळा करणाऱ्या बेटावरच्या पक्ष्यांचा इतिहास सगळ्या जगात सारखा आहे. मॉरिशसचा डोडो सतराव्या शतकात संपला तो माणसाबरोबर आलेल्या डुकरं, उंदीर, माकडांमुळेही. ग्वाममध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर मालाबरोबर आलेल्या एका तपकिरी सापाने बेटावरचे बहुतेक रानपक्षी संपवले. कालाटांगच्या मोरीपासून शंभर पावलांवर घरं आहेत, घरांत मांजरं आहेत, कुत्री मोकळी आहेत. फटाकडी आहे तोवर मांजरं बांधणं, त्यांची नसबंदी करणं हे काम रानाच्या कुंपणाइतकंच तातडीचं आहे.

परतताना भातखाचरात एका शेतकऱ्याने पाट्याएवढा बेडूक दाखवला. पावसाळ्यात मावळात पिवळाधमक होऊन डराव डराव करतो तोच आपला मोठा बेडूक. इथे तो मत्स्यशेतीसाठी आणलेल्या माशांच्या बीजाबरोबर आला असं मानतात, बीजाच्या पिशवीत टॅडपोल येतात. आता स्थानिक बेडूक, सरडे, कोंबडीची पिल्लं, सगळं गिळतो. आपल्याकडे ज्याला वाचवायचं, इथे त्यालाच रोखायचं. बेटावर बाहेरचं काहीही नेऊ नका, या सांगण्यात कुंडीतली माती आणि बुटाच्या तळाला चिकटलेलं बीही येतं. पुण्याहून निघताना बूट ब्रशने घासून, वाळवून न्या.

दिवस पाचवा : जिथे जायचं नाही ती बेटं

सकाळी चिडिया टापूला पुन्हा एक फेरी, दुपारी हॅडोतलं प्राणिशास्त्र सर्वेक्षणाचं संग्रहालय. तिथे नकाशापुढे उभं राहिलं की कळतं, आपण पाहिलं तो एक कोपरा आहे.

उत्तर अंदमानच्या पूर्वेला नारकोंडम. जेमतेम ७ चौरस किलोमीटरचं, ७१० मीटर उंचीचं निद्रिस्त ज्वालामुखीचं बेट. नारकोंडमचा धनेश एवढ्याच जमिनीवर आहे. नराचं डोकं-मान तांबूस, मादी काळी, दोघांच्याही गळ्याला निळसर-पांढरी पिशवी. २०२० च्या सुमाराच्या अभ्यासात संख्या हजाराच्या आसपास निघाली, आणि दर चौरस किलोमीटरला धनेशांची एवढी दाटी जगात कुठल्याच धनेश जातीची नोंदलेली नाही. अंजीर-उंबरवर्गी झाडं भरपूर, स्पर्धक नाहीत, शिकारी प्राणी नाहीत. धनेश फळं खातो, बिया रानभर टाकतो, झाडं वाढतात. १९६९ पासून तिथे पोलीस चौकी आहे. जवानांना खायला म्हणून सोडलेल्या शेळ्या शेकड्यांनी वाढल्या आणि रोपं फस्त करू लागल्या. त्या हटवायला बरीच वर्षं गेली. २०१२ मध्ये तिथे रडार केंद्र बांधायचा प्रस्ताव पर्यावरण मंत्रालयाने नाकारला. हजार हा आकडा समाधानाचा वाटतो, पण एक चक्रीवादळ, एक रोग किंवा एक वणवा यांच्यापुढे दुसरं बेट हाताशी नाही. पर्यटकांना तिथे बंदी आहे आणि ती असावी.

दक्षिणेला, दहा अंश खाडीपलीकडे, निकोबारचा मेगापोड. कोंबडीएवढा पक्षी, अंड्यांवर बसत नाही. किनाऱ्यालगतच्या रानात वाळू, माती आणि पालापाचोळ्याचा ढीग रचतो, कुजण्याच्या उष्णतेवर अंडी उबतात, आणि पिल्लू ढीग उकरून बाहेर येतं ते आईबापाशिवाय जगायला तयार. ढीग किनाऱ्याजवळ, म्हणून २००४ च्या लाटेने बहुतेक ढीग नेले. त्यातून सावरत असताना ग्रेट निकोबारच्या गॅलेथिया खाडीवर मोठ्या बंदराचा प्रकल्प आला. तिथलं अभयारण्य जानेवारी २०२१ मध्ये रद्द करण्यात आलं आणि २०२२ मध्ये सुमारे १३० चौरस किलोमीटर रान वळवायला तत्त्वतः मंजुरी मिळाली. तोडलेल्या रानाच्या बदल्यात दूर मुख्य भूमीवर झाडं लावायची, असा हिशेब मांडला जातो. मेगापोडला हरियाणातल्या झाडाचा काय उपयोग? त्याचा ढीग त्याच किनाऱ्यावर लागतो.

तिसरी गोष्ट आशेची. उत्तर अंदमानातल्या 'चालीस-एक' नावाच्या गुहांमध्ये पाकोळ्या लाळेची पांढरी घरटी बांधतात. पूर्व आशियात त्यांचं सूप करतात, भाव चांदीसारखा. १९९०च्या दशकात पक्षीशास्त्रज्ञ रवी शंकरन यांनी बेटांवरच्या गुहा पालथ्या घातल्या तेव्हा घरटी अंड्यांसकट ओरबाडली जात होती. त्यांनी आणि वनखात्याने मार्ग वेगळा काढला : घरटी काढणाऱ्यांनाच गुहांचे राखणदार नेमलं. हंगामभर गुहेत मुक्काम, पिल्लं उडाल्यावरच घरटं हातात. राखलेल्या गुहांमध्ये पाकोळ्या वाढल्या. शंकरन २००९ मध्ये गेले, नारकोंडमचा धनेश आणि मेगापोड या दोघांवरचं महत्त्वाचं कामही त्यांचंच.

संध्याकाळी शहरातल्या एका जुन्या इमारतीच्या झरोक्यात अंदमानी गव्हाणी घुबड दिसलं, खालून सोनेरी-तांबूस. जागेचं नाव लिहीत नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करतानाही घरट्याची नेमकी खूण टाकू नका, दोन-तीन किलोमीटरचा ढोबळ परिसर पुरे.

दिवस सहावा : पुन्हा सिप्पीघाट

विमान अकराचं. विमानतळावरच्या तपासणीत शंख, प्रवाळाचे तुकडे काढून घेतात आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो, किनाऱ्यावरून काहीही उचलू नका.

सहाला भरावावर. भरती चढत होती. अंदमानी बदक आधी १४, मग खारफुटीतून दोन तुकड्या आल्या, ३९. काकूंनी पुन्हा मोजले, ४३. तिसऱ्यांदाही ४३. पश्चिमेकडच्या कोपऱ्यात पहिल्या दिवशी पाणी होतं तिथे ताज्या मुरमाचे दोन ढिगारे पडले होते. त्यांचे फोटो, तारीख आणि जीपीएस नोंद वनखात्याच्या कार्यालयासाठी अर्जाबरोबर काढून ठेवली.

दादूंना स्कोपमधून बदक दाखवला. वीस वर्षं रोज समोर असलेला पक्षी त्यांनी इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिला. बराच वेळ डोळा काचेला लावून उभे होते. मग चहा गाळता गाळता म्हणाले की दुकानात लावायला याचं मोठं चित्र पाठवा, खाली नाव बंगालीत आणि हिंदीत लिहा, रंग उन्हात उडणार नाही असं करा. सदाशिव पेठेतून ए-तीन आकारात छापून, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट करून ते परवा पोस्टाने गेलं.